सहा नंबरची खाट

"माझ्या सासूनंसुद्धा माझ्यावर एवढी नजर ठेवली नव्हती गं," सिस्टर माझ्याकडे न बघता म्हणाल्या आणि एका बोटाने कीबोर्डवर अक्षरं शोधू लागल्या.

मी हसले नाही. हसायचं नाही, बोलायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, असा नियमच होता. वॉर्डात कॉम्प्युटर आल्यापासून नर्सचा किती वेळ पेशंटपाशी जातो आणि किती स्क्रीनपुढे, हे मोजायला मला नेमलं होतं. हातात घड्याळ आणि पुढे रकान्यांचा तक्ता आला की माणसाला उगाचच आपण फार न्यायी आहोत असं वाटायला लागतं. मलाही वाटत होतं.

सिस्टरांची सव्वीस वर्षं या वॉर्डात गेली होती. पेशंटने हाक मारली की हातातलं टाकून जायचं, ही त्यांची सवय. पण या यंत्राची तऱ्हाच निराळी. सगळी माहिती भरल्याशिवाय ते काही जतन करत नसे आणि मध्येच उठलं तर भरलेलं सगळं पुसून टाकत असे. सकाळपासून दोनदा तसं झालं होतं.

"सिस्टर..." सहा नंबरचे आजोबा म्हणाले.

"आले हं आजोबा, दोनच मिनिटं. आधी या बयेचं पोट भरू दे!"

दोघं-तिघं पेशंट हसले. आजोबांनी आणखी दोनदा हाक मारली. सिस्टरांनी नुसता डावा हात वर केला. मी खाटेपासून दोन पावलांवर उभी होते. आजोबा माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाले. मी मान वळवली आणि तक्त्यात आकडा लिहिला.

एकदाचं सगळं जतन झालं. सिस्टर लगबगीने आल्या, तेव्हा आजोबा गेले होते.

डॉक्टर धावत आले, त्यांनी खटपट केली आणि शेवटी म्हणाले, "हृदय फार थकलं होतं, सिस्टर. तुम्ही शेजारी असता तरी हेच झालं असतं." सिस्टरांनी मान डोलावली. पण उतरलेला चेहरा काही सावरला नाही. खाटेभोवतीचा पडदा ओढून त्यांनी मला आत बोलावलं.

"पहिल्या हाकेपासून किती वेळ झाला?"

माझ्या तक्त्यात हाकेसाठी रकाना नव्हता. तरी मला ठाऊक होतं. "अकरा मिनिटं."

"एवढं कुणाला थांबवलं नव्हतं गं मी कधी." त्या माझ्याकडे वळल्या. "तू जवळ होतीस. काय हवं होतं त्यांना?"

ऐकू आलं नाही, असं सांगता आलं असतं. ते अगदी ओठांवर आलं होतं. पण मला रडू फुटलं.

"उशी सरकली होती. तेवढी नीट कर, म्हणाले. मलाच म्हणाले."

सिस्टर मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी आजोबांच्या मानेखाली हात घालून डोकं अलगद उचललं, उशी ओढून घेतली, झटकली, सारखी केली आणि डोकं हळूच तिच्यावर टेकवलं.

"झालं हं, आजोबा," त्या म्हणाल्या.