शेषेरावांची उमराण

माझे सासरे शेषेराव दोन-अडीच वर्षं साऱ्या किल्लारीला एकच गोष्ट ऐकवत होते. "आमच्या अंगणात उमराण लावलीय. लिंबाएवढं बोर येतंय का न्हाई ते बघा." माणूस चहाला आलेला असो की पेरणीचं विचारायला, त्याला बोरीपाशी नेऊन उभं केल्याशिवाय मामंजी सोडत नसत. रोपवाटिकेतून त्यांनी ते कलम मांडीवर घेऊन आणलं होतं, एसटीत.

अठ्ठ्याण्णव सालच्या मार्गशीर्षात बोर फळली. फळली म्हणजे काय, लदबदून गेली! हिरवी, पिवळी, तांबडी, पानं दिसेनात. भूकंपानंतर वसवलेल्या आमच्या नव्या गावात घरं सगळी एका मापाची, एका रंगाची. लग्न होऊन आले तेव्हा मी दोनदा दुसऱ्याच्याच घरात शिरले होते. त्या सगळ्या राखाडी सिमेंटात आमचं तेवढं अंगण नटून बसल्यासारखं दिसायला लागलं. फक्त बोरं होती हरभऱ्याच्या घाट्याएवढी, आणि आंबट अशी, की पहिलं खाल्लं तेव्हा माझा एक डोळा आपोआप मिटला.

गाव अशी संधी सोडतंय होय! शेजारच्या शिवम्माआजी सकाळीच कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "शेषेराव, लिंबं उतरवायला शिडी धाडू का?"

मामंजी आत जाऊन बसले ते दुपारपर्यंत बाहेर आले नाहीत.

माझा नवरा वैजनाथ लातूरला एका क्लासमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवतो, आम्ही राहतोही तिथंच. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते, आणि शिकवणाऱ्याला घरी यायला सवड मिळाली तर तो सण समजायचा. त्या रविवारी आम्ही लेकीला घेऊन किल्लारीला गेलो, तर वैजनाथ चहाही न घेता बोरीच्या बुंध्याशी उकिडवा बसला.

"अण्णा, लावल्यावर याला दोन कोंब फुटले होते का?"

"फुटले होते की. वरचा मरतुकडा होता, खालचा लई जोरात. मी वरचा खुडला. तूर विरळताना काय करतो आपण? जोरदार तेच ठेवतो."

"वरचा उमराणचा होता. खालचा रानबोरीचा. कलम रानबोरीच्या खुंटावरच बांधतात. दरवर्षी हा प्रश्न येतो, एका मार्काला."

मामंजींनी बोरीकडे बोट केलं. "म्हंजे मी इतके दिवस रानबोर पोसून राहिलो? गावभर इज्जत घालवली हिनं. तोडतो."

"हात लावून दाखवा," आत्याबाई दारातून म्हणाल्या.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, सिंधुबाई. टँकरचं पाणी प्यायला पुरत नव्हतं त्या उन्हाळ्यात भांडी विसळलेलं पाणी वाया न घालवता त्यांनी बोर जगवली होती. आणि त्यांच्या मनात एकच होतं. आमच्या शिवांगीची पहिली संक्रांत होती, तिचं बोरन्हाण घरच्या बोरांनी घालायचं. "या गावात आल्यापासून एका घरी अंगणातल्या बोरानं बोरन्हाण झालं न्हाई," त्या म्हणाल्या. "सगळं विकतचं. नातीला इकत आणलेल्या बोरांनी न्हाऊ घालायचं तर हे घर कशाला म्हणायचं? लॉज म्हणा की!"

मामंजी हट्टाला पेटले. शेवटी ठरलं ते असं, की बोरन्हाण होऊ दे, पाहुणे पांगले की त्याच संध्याकाळी कुऱ्हाड. आत्याबाईंनी मान डोलावली, पण त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

मी मामंजींच्या बाजूची होते. नांदेडला मास्तरांच्या घरात वाढलेली मी. काटेरी झाडाचं मला काडीचं कौतुक नव्हतं. त्या बोरीनं माझ्या दोन साड्या फाडल्या होत्या. मामंजींचा पडलेला चेहरा मात्र मला बघवेना. म्हणून बोरन्हाणाला येताना मी लातूरच्या गोलाईतल्या बाजारातून दोन किलो उमराण घेतली. लिंबाएवढी, तुकतुकीत. पिशवी हातात दिली तेव्हा ते लहान मुलासारखे खूश झाले.

"आधी हीच घालायची," त्यांनी बजावलं. कुऱ्हाड सकाळीच पाजळून भिंतीला टेकवली होती. आत्याबाई तिच्याकडे बघायचं टाळून वावरत होत्या.

शिवांगीला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवलं. गल्लीतली पोरं भोवती दाटीवाटीनं बसली. चुरमुरे, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा, आणि वर माझी उमराण. मी माप भरून मोठ्या थाटात लेकीच्या डोक्यावर ओतलं.

टक्! टक्! एक टाळूवर, एक नाकावर. शिवांगीनं असं भोकाड पसरलं की हलव्याचा हार तुटला.

"अगं पोरी," शिवम्माआजी ओरडल्या, "लेकराला न्हाऊ घालून राहिलीस का दगडं मारून राहिलीस?"

हसून हसून बायकांची पुरेवाट झाली. माझे कान तापले. मामंजी खिडकीतून बाहेर बघायला लागले. आत्याबाईंनी लेकीचे डोळे पुसले आणि आपल्या सुपातली बोरं ओंजळीनं हळूहळू सोडली. ती बारीक तांबडी बोरं केसांत अडकली, झबल्यावरून घरंगळली, मांडीत साठली. शिवांगी रडायची थांबली. एक बोर उचलून तिनं तोंडात घातलं, तोंड वाकडं केलं आणि खदखदून हसली. पोरांनी झुंबड उडवली.

पाटाभोवतीची बोरं संपल्यावर पोरांना अंगणातलं झाड आठवलं. सगळी धूम बाहेर पळाली. लगेच बोरीवर पहिला दगड बसला, मग दुसरा. तिसरा आमच्या न्हाणीच्या पत्र्यावर दणकन आदळला.

मामंजी उठले, कुऱ्हाड उचलली आणि बाहेर पडले. आत्याबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगड्या रुतल्या. शिवांगीला कडेवर घेऊन आम्ही दोघी मागोमाग धावलो. त्यांना बघून पोरं कुंपणाकडे पांगली होती.

"पळून काय राहिलात रे भडव्यांनो!" मामंजी गरजले. "दगडानं बोर पडत असतंय का? निस्ती पानं पडतेत! या हिकडं, खाली उभं ऱ्हावा!"

त्यांनी कुऱ्हाड उलटी धरली आणि दांड्यानं फांदी झोडपली. बोरांचा सडा पडला. पोरं किंचाळत आत घुसली. मामंजी एकेकाला शिव्या घालत फांदीमागून फांदी झोडपत होते.

"पाच वर्षं झाली," आत्याबाई म्हणाल्या, "ह्यांनी लेकरावर आवाज चढवला न्हवता." त्या हसत होत्या आणि डोळे वाहत होते. जुन्या गावातही एक बोर होती, तिच्याखाली जमून मामंजींच्या शिव्या खाणारी पोरं भूकंपाच्या त्या पहाटे कितीतरी कमी झाली, आणि तेव्हापासून हा माणूस प्रत्येक लेकराशी हळू आवाजातच बोलत आला होता. मला हे आत्याबाईंकडून तेव्हाच कळलं. मी शिवांगीला घट्ट छातीशी धरलं.

वैजनाथ पुढं झाला. "अण्णा, तोडायची गरज न्हाई. उन्हाळ्यात छाटू, पावसाळ्यात नव्या फुटीवर उमराणचा डोळा भरून कलम करू. सगळं झाड उमराण होतंय."

मामंजींनी दम खाल्ला. पोरं सदऱ्याच्या ओट्यात बोरं भरत होती.

"एका फांदीवर भर," ते म्हणाले.

"आन् बाकीच्या?"

"बाकीच्या पोरांच्या हायत."