उन्हात न तापणारा धोंडा

हिवरओढ्याच्या पाझर तलावावर त्या दुपारी एकही टोपलं उचललं गेलं नाही. दुष्काळी कामावरची पाचशे माणसं एका धोंड्याभोवती जमली होती. १९७३चा एप्रिल, सावलीला झाड नाही, पाण्याचा टँकर अजून यायचा होता. तरी कुणी जागचं हलत नव्हतं, कारण तो धोंडा खरंखोटं सांगत होता.

धोंडा भारनाथ महाराजांचा. काळा, हंड्याएवढा. महाराज पंधरा दिवसांपूर्वी आले आणि बांधालगत त्यांनी कनात ठोकली. चारी बाजूंनी पडदे, वरून उघडी.

"सूर्यनारायण साक्षीला पाहिजे," महाराज सांगत. "हा धोंडा हिमालयाचा धाकटा भाऊ. पाप वाढलं की याचं वजन वाढतं. कोर्टात खोटं चालेल, इथं नाही. इथं अपीलही नाही."

आधी पडदा पडे, शंख वाजे, मग पडदा उघडे. खऱ्या माणसाला धोंडा फुलासारखा. खोट्याच्या हाताला चटका बसे आणि धोंडा तसूभर हलत नसे.

कनातीखालून मुंग्यांची जाड रांग आत चालली होती.

"मुंग्याबी दर्शनाला येत्यात बगा," माती वाहणारी लंकाबाई म्हणाली आणि तिनं रांगेला हात जोडले.

आज परीक्षा बनुबाईची होती. कामावरच्या मजुरांना आणि पोरांना सुकडी, म्हणजे गोड कोरडा खाऊ, वाटायचं काम तिच्याकडे. गोदामातली चार पोती गेली होती. किल्ल्या दोघांकडे होत्या, एक तिच्याकडे, दुसरी कारकून सूर्यभानकडे. मुकादम भिमाजीनं निवाडा धोंड्यावर सोडला होता. बनुबाई हरली तर तिचं काम जाणार होतं आणि चोर हे नाव तिच्या तीन लेकरांनाही चिकटणार होतं.

शंख वाजला, पडदा उघडला. बनुबाईनं धोंड्याला दोन्ही हात घातले आणि झटक्यानं मागं घेतले. तळवे लाल झाले होते. तिनं दात आवळून पुन्हा हात घातले. धोंडा हलला नाही.

"धोंडा बोलला," महाराज डोळे मिटून म्हणाले.

पडदा पडला, शंख वाजला, पडदा उघडला. सूर्यभाननं बाह्या वर सरकवल्या, धोंडा उचलला, उघड्या दंडांवर घेऊन सगळीकडे फिरून दाखवला आणि पाटावर ठेवला.

"चार पोती कुठं लपिवली गं, बाई?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"मी न्हाई नेली," बनुबाई म्हणाली. तिच्याकडे कुणी बघेना.

राधाकृष्ण गुरुजी मात्र सूर्यभानच्या दंडांकडे बघत होते. त्यांवर चटक्याची खूणही नव्हती. गावच्या शाळेतले हे मास्तर. शेवगावच्या प्रदर्शनासाठी त्यांनी याच तलावाचा देखावा करायला घेतला होता. डोंगर कशाचा करावा, यात त्यांचे दोन महिने गेले. गादीतला फोम घेतला, तर तलावात पाणी ओतताच तोच ते पिऊन बसला. मग त्याची झाडं केली. नगरहून थर्माकोल आणला, पण त्यावर तैलरंग लावला तेव्हा निम्मा डोंगर रात्रीत खचला. शेवटी थर्माकोलवर खळीनं कागदाचे थर दिले, सुकू दिले आणि मग रंगवलं. तो डोंगर टिकला. भिमाजी रोज चिडवायचा, "गुरुजी, डोंगराला दावं लावा, वाऱ्यानं उडंल."

महाराजांचा चेला पडद्याच्या दोरीला हात घालणार, तेवढ्यात गुरुजी पुढं झाले.

"पडदा राहू द्या. मलाही परीक्षा द्यायचीय."

"तुमच्यावर काय आळ आहे, गुरुजी?"

"अजून नाही. आता घेतो." ते लोकांकडे वळले. "माझं वय सात वर्षं. हा तलाव मी काल एकट्यानं चमच्यानं खणला. आणि भिमाजी मुकादमांच्या मिशा चिकटवलेल्या आहेत."

भिमाजीचा हात मिशीकडे गेला. गुरुजींनी धोंडा एका तळव्यावर उचलून धरला. आधी पोरं हसली, मग बाया.

"मन शुद्ध आहे, जीभ फक्त विनोदी," महाराज घाईनं म्हणाले. "धोंडा मनातलं ओळखतो."

"मग बनुबाईचंही ओळखू दे. असाच, उघड्यावर."

बनुबाईनं भीतभीत एक बोट टेकवलं. मग आख्खा तळवा ठेवला.

"ह्यो त्यो न्हाईच," ती म्हणाली. "त्यानं माजा हात भाजला. ह्यो तापलाच न्हाई."

तिनं तो डाव्या हातानं उचलला.

गुरुजींनी लोकांना विड्या विझवायला लावल्या आणि ओव्हरसिअरच्या फटफटीतून वाटीभर पेट्रोल आणवलं. धोंड्याची खालची बाजू नखानं खरवडली, तसा कागद सुटला आणि आतून थर्माकोलचे पांढरे मणी दिसले. त्यावर पेट्रोल ओतलं. हिमालयाचा धाकटा भाऊ चरचरत आत बसत गेला. उरलं कागदाचं काळं टरफल.

"दावं लावायचं राह्यलं, भिमाजी," गुरुजी म्हणाले.

बनुबाई तेवढ्यात कनातीत शिरली होती. कोपऱ्यात घोंगडीखाली दुसरा धोंडा होता, अस्सल, चुलीवरच्या तव्यासारखा तापलेला. मुंग्या मात्र त्याच्याकडे जात नव्हत्या. त्या महाराजांच्या भगव्या आसनाखाली जात होत्या. तिनं आसनाचं कापड ओढलं. खाली सुकडीची चार पोती होती, एक निम्मं रिकामं.

सूर्यभाननं बाह्या खाली ओढल्या. भिमाजीनं त्याच्याकडून किल्ली घेतली, त्याला आणि महाराजांना फौजदार येईपर्यंत बसवून ठेवलं आणि मग तो बनुबाईपुढं येऊन उभा राहिला.

"आधी पोती उचला," बनुबाई म्हणाली. "पोरं उपाशी हायत."

गुरुजी लोकांना एवढंच म्हणाले, "बारा वाजता काळा दगड उन्हात असेल, तर तो तापलाच पाहिजे. एकाला चटका बसतो आणि दुसऱ्याला बसत नाही, हे दिसलं की पाप-पुण्य मोजू नका, दगड मोजा. पाचशे जणांनी हे पाहिलं. एकानंही विचारलं नाही. चमत्कार त्यावरच चालतो."

संध्याकाळी बनुबाईनं तळव्यांना फडकी बांधून सुकडी वाटली. लंकाबाईची पाळी आली तेव्हा तिनं मुंग्यांच्या रांगेकडे बोट दाखवलं.

"आमच्यापरीस ह्या शान्या गं, बनुबाई," ती म्हणाली. "ह्या वास घिऊन आल्या. आमी शंख ऐकून आलो."