टेकाडावरचं मीटर

गल्लीतलं शेवटचं घर टेकाडावर होतं, त्यामुळे नळाचं पाणी तिथे सगळ्यांत शेवटी पोहोचायचं. त्या घरात धुलाई आणि इस्त्रीचं दुकान होतं. ते चालवणाऱ्या बाईला चादरीला किती बादल्या लागतात आणि कोटाला किती, हे तोंडपाठ होतं. म्हणून दोन महिन्यांचं बिल आलं आणि त्यात एकवीस हजार नऊशे लिटर दिसले, तेव्हा ती आधी हसलीच. घरात टाकी एकच, पाचशे लिटरची. पाणी दिवसाआड. प्रत्येक वेळी टाकी काठोकाठ भरली असं धरलं, तरी पंधरा हजारांच्या वर आकडा जात नव्हता.

पंचायतीच्या कार्यालयात ती पंधरा हजार लिटरचे पैसे घेऊन गेली. कारकुनाने ते मोजलेही नाहीत.

"अर्धवट भरून घेता येत नाही. घरात कुठेतरी गळत असेल."

"सगळे नळ बंद करून पाहिलं. काटा हलत नाही."

"मग मीटर काय तुमच्याशी वैर धरून बसलंय? आधी भरा, नंतर अर्ज करा. बुधवारपर्यंत नाही भरलंत तर गुरुवारी जोडणी तुटेल."

जोडणी तुटली की दुकान बंद, हे त्याला वेगळं सांगायची गरज नव्हती.

"भरून टाका, वहिनी," धाकटा दीर म्हणाला. "कुठे त्यांच्या नादी लागता?"

"वापरलेल्या पाण्याचे कालच घेऊन गेले होते, भावोजी. न वापरलेल्याचे तुम्ही भरा."



पाणी यायच्या दिवशी अख्खी गल्ली सहापासून नळ उघडे ठेवून बसायची. आधी नळातून फुसफुस वारा यायचा, मग गुरगुर, मग पाणी. फुसफुस ऐकली की बायका भांडी घेऊन धावायच्या. अकरा वर्षं ती स्वतःही तशीच धावत आली होती. त्या मंगळवारी मात्र ती नळाकडे न जाता मीटरपाशी जाऊन बसली. नळ फुसफुसायला लागला आणि मीटरचा लाल काटा भिंगरीसारखा फिरू लागला. बादलीत अजून थेंब नव्हता.

गुरुवारी पावणेसातला फिटर पाना घेऊन दारात उभा राहिला.

"ताई, माझ्यावर रागावू नका. हुकूम आहे."

"रागावत नाही. पाणी येईपर्यंत बसा. नळ कोरडा असताना तोडलात तर तुम्हालाही काय मजा?"

फिटर हसून पायरीवर टेकला. तिने धुतलेल्या कोटांवर घालायचं प्लास्टिकचं लांब कव्हर घेतलं, हँगरचं भोक चिकटपट्टीने बंद केलं आणि दुसरं तोंड नळाला दोरीने आवळलं. मग फिटरलाच मीटरचा आकडा वाचायला लावला.

नळ फुसफुसला. कव्हर फुगत फुगत आडवं झालं, मग ताठ उभं राहिलं.

"अगं बाई, पाहुणे आले," सासूबाई आतून बाहेर येत म्हणाल्या.

पहिलं कव्हर भरलं, तिने दुसरं बांधलं. मग तिसरं. पाण्याची पहिली धार आली तेव्हा फिटरने पुन्हा आकडा वाचला आणि आवाज आपोआप खाली आला.

"दोनशे तीस लिटर वाढले."

"गुणिले तीस वेळा," ती म्हणाली. "सहा हजार नऊशे. बिलातले वरचे सगळे."

"आणि बिलात गटाराचे पैसे पाण्याच्या पैशांच्या निम्मे ना रे?" सासूबाईंनी विचारलं. "म्हणजे वारा वाहून न्यायलाही गटार लागतं आम्हाला."

फिटरने मान खाली घातली. "वरच्या टोकाला वारा सोडायचा व्हॉल्व्ह हवा होता. पाइपलाइनच्या कामाच्या कागदावर आहे. बसवलाच नाही कोणी."

"हे लिहून द्या."

"मला तोडायचा हुकूम आहे ताई, लिहायचा नाही."

"मग तोडा. पण तोडायच्या कागदावर शेरा लिहायची जागा असते ना? ती कोरी कशी देणार?"

फिटरने कागद गुडघ्यावर घेतला. खिशातलं पेन काढलं. मग लिहिलं: पाणी येण्याआधी मीटर दोनशे तीस लिटर फिरले. नळातून फक्त वारा. समक्ष पाहिले. खाली सही केली.

"आता तोडा," ती म्हणाली आणि मीटरपासून बाजूला झाली.

त्याने पाना उचलला, आपल्याच अक्षराकडे पाहिलं आणि पाना पिशवीत टाकला.

"हे लिहून तोडलं तर पहिला जाब मलाच विचारतील."

"आणि न तोडता गेलात तर?"

"तोही मलाच."

"मग कार्यालयात एकटे जाऊ नका." तिने इस्त्रीचं बटण बंद केलं आणि पंधरा हजार लिटरचे पैसे पुन्हा पदरात बांधले. "आई, दुसरं कोणी पाना घेऊन आलं तर?"

"मी मीटरवर बसते," सासूबाई म्हणाल्या. "मला उचलायचा हुकूम आणा म्हणावं आधी."

दोघं उतार उतरू लागले. शेजारीण दारात घागर भरत होती. दुकानवाली तिच्या मीटरपाशी थांबली.

"तुझं बिल कुठंय?"

"फळीवर आहे. का गं?"

"घे आणि चल."