दुसरी कॅप्सूल

"जळ्ळं मेलं तुमचं ते नाटक!" दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून सुहासिनी नवऱ्यावर, दिगंबरवर, ओरडली. लेक सुलेखा पार्किंगमधून गाडी आणायला गेली होती, तेवढीच संधी.

आत डॉक्टरीणबाईंनी नुकतंच सांगितलं होतं, की ते औषध आता देता येणार नाही. एक जुलैपासून अमेरिकन सरकारनं बंदी घातलीय, दिलं तर लायसन्स जाईल, वर तुरुंग. आज सहा जुलै, एकोणीसशे पंच्याऐंशी. पाच दिवस, फक्त पाच दिवस उशीर!

सुहासिनीला पोटाचा कॅन्सर. एप्रिलमध्ये कायद्याची आडकाठी नव्हती, तेव्हा बाईंनी पहिली कॅप्सूल दिली होती. त्या औषधानं तिला काही भलतंसलतं दिसलं नाही. चांगली शुद्धीवर होती. फक्त वर्षभर छातीवर बसलेली भीती उठून बाजूला झाली, आणि ती दिगंबरशी चार तास आपल्या मरणाबद्दल बोलली. रडली, भांडली, हसलीसुद्धा. त्या रात्री गाढ झोपली.

दुसरी कॅप्सूल लेकीसाठी होती. सुलेखा कॅलिफोर्नियात शिकायला. तिच्यासमोर आजाराचं नाव निघालं की सुहासिनी घाबरून भलतंच काहीतरी बोलायची. पोरीला वाटायचं, आईला मी जवळ नकोच आहे. "मी मरतेय, आणि तू मला जवळ हवीस," एवढंच सांगायचं होतं. सुलेखा दोन आठवड्यांची रजा काढून आली होती, आणि सोमवारी परत चालली होती.

अपॉइंटमेंट होती एकोणतीस जूनची. पण त्या शनिवारी जवळच्या ट्रॉय गावात पुण्याच्या मंडळींचं नाटक! दिगंबर मराठी मंडळाचा अध्यक्ष, दिग्दर्शक आणि त्याची बायको उतरणार यांच्याच घरी. बंदीची बातमी पेपरात आली होती, दिगंबरनं वाचलीही होती. "अगं, सरकारी काम ते," तो म्हणाला होता. "एक तारीख म्हणजे सहा महिने धर. पाहुण्यांना आता कसं नाही म्हणायचं? आपण पुढच्या शनिवारी जाऊ." वीस वर्षं अमेरिकेत काढली, पण डोकं अजून पुण्याच्या कचेरीतच! आणि आजाराचं मंडळात कुणाला कळू द्यायचं नाही, म्हणून सुहासिनीनं दुखतं पोट धरून त्या दोघांना पुरणपोळ्या वाढल्या. स्वतःचाही तिला तेवढाच संताप येत होता.

"बाईंनी रिसर्चसाठी अर्ज केलाय," दिगंबर चाचरत म्हणाला. "परवानगी मिळाली की तुझं नाव पहिलं."

"कधी मिळेल?"

"दोनेक वर्षं..."

"आणि मला किती दिलीत डॉक्टरांनी? बोला ना! मंडळात तर माइक सोडवत नाही तुम्हाला!"

"चार महिने," तो खाली बघून म्हणाला.

"कुठली पोरं पार्टीत घेतात म्हणून मला बंदी! मी काय डिस्कोत नाचणार होते? झोपवून ठेवायला मॉर्फिन हवं तेवढं देतील मेले. पोरीशी दोन शब्द बोलायला औषध मागितलं, तर कायदा! आणि तुम्ही... बंदीच्या दोन दिवस आधीची तारीख होती हो माझी!"

दिगंबरच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला त्याची जराही दया आली नाही.

गाडी पायरीशी येऊन थांबली. सुहासिनी पुढे बसली, दिगंबर मागे.

"व्हॉट हॅपन्ड? इतक्या लवकर?" सुलेखानं विचारलं.

"कॅन्सल केलं त्यांनी," दिगंबर म्हणाला.

सुलेखानं इंजिन बंद केलं आणि आईचा हात हातात घेतला. "इट्स ओके, मॉम. तुला मला जे सांगायचं होतं ते आत्ता सांग. आय ॲम लिसनिंग."

सुहासिनीनं तोंड उघडलं. शब्द अगदी जिभेवर होते. मग ती जुनी भीती परत छातीवर येऊन बसली.

"सकाळपासून उपाशी आहेस," ती म्हणाली. "घरी गेलो की भात लावते."

सुलेखा "ओके" म्हणाली, आईचा हात सोडला आणि गाडी सुरू केली.