ओटी, पडवी, सज्जा

वैशाखाचे ऊन खाडीवर उतरले होते. वितळलेल्या काशासारखे पाणी, आणि पाण्यापलीकडे धूसरनीळ डोंगरांची निश्चल रांग. माडांच्या झावळ्यांतून गाळून आलेला प्रकाश जांभ्या चिऱ्यांच्या भिंतीवर पडे, आणि भिंत आतून पेटल्यासारखी आरक्त होई.

ती भिंत जयराम मेस्त्रीने बांधलेली. ते सारे घरच त्याने स्वतःच्या हातांनी बांधले होते, बायकोसाठी, सुगंधासाठी. चाळीस वर्षे हा गवंडी खाडीकाठच्या गावांत घरे उभी करत आला. आणि घरांच्या अंगाला बिलगलेली ती विसाव्याची स्थळेही. त्यांच्या नावांविषयी तो फार काटेकोर. उघड्यावर चार माणसे टेकतील, तो ओटा. दारापुढे छपराच्या सावलीत विसावते, ती ओटी. उतरत्या कौलांखाली बाजूने वळते, ती पडवी. आणि खाली कशाचाही आधार नसताना भिंतीतून अधांतरी झेपावतो, तो सज्जा. कुणी सज्ज्याला गॅलरी म्हटले, की थापी खाली ठेवून तो हसे. "गॅलरी थेटरात असते, भाऊ. हा सज्जा."

माघात पक्षाघात आला. उजवे अंग गेले, आणि अंगाबरोबर शब्द. पुसले गेले नाहीत ते. पाखरांसारखे उडाले, आणि परतताना भलत्याच फांदीवर बसले. पाणी मागावे, तर ओठांवर चुना येई.

त्या सकाळी सुगंधाने त्याला अंगणात खुर्चीवर बसवले, आणि माडीवर जाऊन सज्ज्यात आमसुले वाळत घालून ती खाली आली. जयरामने सहज मान वर केली. सज्जा भिंतीला मिळतो तिथे केसाएवढी काळी रेघ. रेघेतून ओघळलेला तांबूस गंज. वर्षानुवर्षांच्या खाऱ्या वाऱ्याने आतले लोखंड खाल्ले होते.

"ओटी," तो म्हणाला. "ओटी... नको."

"ओटीवर कुठे बसवलंय? अंगणातच आहात."

"पडवी! पडवी पडते!"

"पडवी कशाला पडेल? तुमच्या हातची आहे ती." सुगंधा हसली, आणि पदराने त्याच्या ओठांची लाळ टिपली.

डोळ्यांपुढे सारे लख्ख होते. कठडा होता, कठड्यावर टेकणारी तिची बोटे होती, खालची भयाण पोकळी होती. फक्त नाव नव्हते. त्या एका नावासाठी तो आतल्या आत ऊर फुटेस्तोवर धावला. मग डावा हात उचलून त्याने वर दाखवले.

नेमका तेव्हाच कठड्यावर कावळा उतरला.

"अगबाई! आमसुलं नेतोय मेला!"

ती वळली. जयरामने तिचा पदर मुठीत धरला.

"सोडा हो. आत्ता येते."

मूठ डाव्या, बिनसरावाच्या हाताची, पदर सुटला. जिन्यावर पावले वाजली. मग ती वर प्रकटली, रुपेरी केसांवर ऊन घेऊन, हात उंचावून, "हाड् हाड्" करत. कावळा उडाला. आणि सज्जा खाली आला. आधी एका निःश्वासासारखा, मग मेघगर्जनेसारखा. अंगणभर तांबडी धूळ दाटली, आणि धुळीतून जयरामचा आक्रोश उठला. त्यात शब्द नव्हता. म्हणूनच की काय, तो साऱ्या वाडीला कळला.

सुगंधा वाचली. कमरेचे हाड मोडले होते. तीन आठवड्यांनी तिला इस्पितळातून आणले आणि त्याच्या खाटेशेजारी तिची खाट टाकली.

पहिल्याच संध्याकाळी तिने विचारले, "तुम्ही कावळा दाखवत नव्हता, ना?"

त्याने मान हलवली. नाही.

"मला कळायला हवं होतं हो."

तिचा काही दोष नव्हता, हे त्याला सांगायचे होते. ओठ उघडले, काही भलतेच येऊ लागले, आणि त्याने ते मिटून घेतले.

बाहेर खाडी जांभळी झाली. दिवा लावायला येणारी शेजारीण अजून आली नव्हती. वारा सुटला, आणि मागचे दार आपटू लागले. दोघांनी एकदमच तिकडे पाहिले, मग एकमेकांकडे. दोघांत मिळून एक उठणे नव्हते. दार वाजत राहिले. उघडत राहिले, मिटत राहिले, आणि काळोख पावलापावलाने आत येत राहिला.