पॉइंटची जागा

कादंबरीला राग यायला कारणं पुष्कळ होती, पण पहिलं कारण म्हणजे फाइन लेग. विकेटकीपरच्या मागे, पार सीमारेषेला चिकटून. चौदा वर्षांखालच्या पोरांच्या बोलिंगवर तिथे चेंडू जातो कधी? चुकून. अख्ख्या मोसमात चौदा गेले, चौदाही तिने अडवले. हिशेब चोख होता, भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर. त्याच पानावर ध्रुवचाही हिशेब होता. तो पॉइंटला, म्हणजे बॅट्समनच्या अगदी तोंडासमोर, जिथे चेंडू गोळीसारखा येतो. आले एकसष्ट, हातापायांतून निसटले तेवीस.

गुरुदत्त सरांच्या वहीत अडवलेल्या चेंडूला रकानाच नव्हता.

फील्डिंग लावायला डोकं लागतं, असं सर दर रविवारी सांगत. जिथे चेंडू जास्त जातो तिथे सगळ्यात चांगला हात ठेवायचा. एवढं सांगून झालं की ध्रुवला पॉइंटला पाठवत. ध्रुवचे बाबा, अभिषेक, तंबूत सरांच्या शेजारच्या खुर्चीत बसत आणि येताना सगळ्या टीमसाठी वडापाव आणत. कादंबरी दोन खायची, आणि दुसऱ्याच्या घासागणिक तिचा राग वाढायचा.

एकदा तिने सरांकडे पॉइंटची जागा मागून पाहिली. तोंडावर चेंडू लागला तर तुझ्या घरी काय सांगू, मुलीची जात, असं ते म्हणाले. ध्रुवच्या तोंडाची काळजी कुणालाच नव्हती. कशाला असेल? तो ते आधीच फिरवून घ्यायचा.

आजची गोष्ट मात्र वेगळी होती. मॅच संपली की सर स्पर्धेसाठी अकरा नावं वाचणार होते. दहा ठरलेली. अकरावं आपलं नसलं तर पुन्हा महिनाभर पाण्याच्या बाटल्या वाहायच्या, हे तिला ठाऊक होतं. नाव यायचं तर हात दिसायला हवा. फाइन लेगला तो दिसणार कुणाला, कावळ्यांना?

शिवाजी पार्कात एक मॅच दुसरीच्या अंगावर पडलेली असते. कादंबरीच्या पाठीमागेही एक मॅच चालू होती आणि तिथला पॉइंट तिच्यापासून चार पावलांवर उभा होता. अठराव्या ओव्हरला इकडचा बोलर बुटाची नाडी बांधत बसला, आणि पाठीमागे बॅटचा कडक आवाज झाला. ती वळली. तिथला पॉइंट डोकं धरून खाली बसला होता आणि चेंडू त्याच्या वरून सुसाट निघाला होता. तिने उजवीकडे अंग झोकून दिलं. चेंडू एका हातात राहिला.

आउट नव्हताच. परक्या मॅचमधल्या कॅचला कोण आउट देतं? पण तिकडच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, बॅट्समननेही बॅटवर थाप मारली. इकडून सरांची हाक आली.

"लक्ष कुठाय तुझं? दुसऱ्यांच्या मॅचमध्ये?"

"तिकडे मी पॉइंटला होते, सर. इकडे तुम्ही उभं करत नाही."

सरांनी तिला तोंड कमी चालवायला सांगितलं. पुढच्याच ओव्हरला ध्रुवने आणखी एक सोडला. चोवीस.

पाण्याची वेळ झाली तेव्हा पलीकडच्या टीमचे म्हातारे कोच बुधाजी टोपी सावरत आले.

"मास्तर, ती तुमची मागची मुलगी. तुम्हाला लागत नसेल तर आम्हाला द्या. आमचा पॉइंट खाली बसतो."

सर हसले. "अहो काका, ती आमची पॉइंटच. पहिल्यापासून. आज जरा मागे ठेवलीय, हात राखून." आणि बोलता बोलता त्यांनी वहीत अकरावं नाव तिचं लिहूनही टाकलं.

बाटली हातात घेऊन कादंबरी तिथेच उभी होती. नाव आलं होतं. नाचायला हवं होतं. त्याऐवजी तिचे कान तापले.

"पहिल्यापासून फाइन लेग, काका," ती म्हणाली. "हवं तर वही दाखवते."

बुधाजींनी सरांकडे पाहिलं. सरांनी पेनाचं टोपण शोधायला घेतलं. ती मात्र बाटली ठेवून सरळ पॉइंटला गेली. तिथे ध्रुव होता.

"तू मागे जा रे. आणि कान उघडे ठेव, तिथे पाठीमागूनही चेंडू येतो."

तो भांडेल असं तिला वाटलं होतं. पण ध्रुव चटकन निघाला, जवळजवळ पळतच, सुट्टी झाल्यासारखा. म्हणजे पॉइंट हवाय का, हे त्यालाही कुणी विचारलं नव्हतं तर. एवढा हिशेब ठेवला, पण हे तिच्या वहीत कुठेच नव्हतं. आणि त्याबद्दलही तिला राग सरांचाच आला.