चकतीशिवायचा विधी

बाईंच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. खालचे, वरचे, समोरच्या इमारतीतले सगळे आले होते. ज्यांच्या घरी संगणकच नाही असेही दोघेतिघे होते, कारण फुकटचा चमत्कार कोण सोडतो? सगळ्यांच्या नजरा कोपऱ्यातल्या टेबलावर होत्या. तिथे बाईंचा जुना संगणक घरघरत होता आणि पडद्यावर त्यांच्या मुलाचा चेहरा अर्धवट तोंड उघडून थिजला होता.

"आई, ऐकू ये... बाळ आज... पाऊल..." एवढं बोलून आवाज तुटला.

बाई म्हणजे शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाई. निम्मी गल्ली त्यांच्या हाताखालून गेलेली, म्हणून उरलेली निम्मीही त्यांना बाईच म्हणायची. मुलगा लांबच्या शहरात होता. नातीला त्यांनी अजून मांडीवर घेतलं नव्हतं. जी काही नात त्यांना मिळाली होती ती या पडद्यावर, तुकड्यातुकड्यांत.

संगणकाशेजारी लहरगुरू उभे होते, बिघडलेल्या लहरी सुधारून देतो म्हणणारे. पांढरेशुभ्र कपडे, मुलायम आवाज, बोटात जाड अंगठी.

"वायफाय म्हणजे काय?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता सांगून टाकलं, "वायू अधिक फाय. फाय म्हणजे तेज. लोक म्हणतात, संगणक म्हातारा झाला, टाकून द्या. अहो, आपण घरातल्या म्हाताऱ्यांना टाकतो का? संगणक ठणठणीत आहे. त्याच्या लहरी तेवढ्या रुसल्यात."

रुसलेल्यांना मनवायचा विधी सुरू झाला. सगळ्यांनी आपापले फोन बंद करायचे, कारण परक्या लहरींचा विटाळ नको. पडद्यावर उघडी राहिलेली सगळी पानं मिटायची, कारण उघड्या पानातून शक्ती गळते. संगणकाला थोडा वेळ मौन द्यायचं, म्हणजे बंद करून पुन्हा सुरू करायचा. लोखंडी कपाटामागे धूळ खात पडलेला वायफायचा डबा बाहेर काढून पुस्तकांच्या मांडणीवर, उच्चासनावर बसवायचा. आणि हे सगळं झाल्यावर, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत, लहरगुरूंनी एक तांब्याची चकती त्या डब्याला चिकटवली.

बाईंनी संगणकावरूनच मुलाला पुन्हा फोन लावला. पडदा लख्ख उजळला. नात खुर्चीचा पाय सोडून, डुगडुगत, दोन पावलं टाकून बापाच्या गुडघ्यावर आदळली. तिचं हसू न तुटता, न अडखळता दिवाणखान्यात ऐकू आलं.

बाईंनी पदराने डोळे टिपले. तेवढ्यात कोणीतरी विचारलं, "बाई, तुमचं काय मत?"

"मी जन्मभर विज्ञान शिकवलं," बाई म्हणाल्या, "पण जे डोळ्यांनी पाहिलं ते नाही कसं म्हणू? चकतीत काहीतरी आहे."

लहरगुरूंना एवढंच हवं होतं. त्या संध्याकाळी चकत्यांची पिशवी रिकामी झाली. पुढच्या आठवड्यात ते दारोदार फिरले आणि प्रत्येक दारात एकच वाक्य आधी टाकलं, "तुमच्या बाईंनीच खात्री दिलीय."

वरच्या मजल्यावर एक नर्स राहायची. आजारी आईसाठी तिने नोकरी सोडली होती. आई गेल्यावर ती पुन्हा काम शोधत होती. एका मोठ्या रुग्णालयाने तिला मुलाखतीला बोलावलं, तेही पडद्यावरूनच. तिचा संगणक आईच्या वेळचा, जुनाट. मुलाखतीसाठी भावाकडे जावं का, असा तिचा विचार चालला होता. चकती घेतली आणि तिने तो विचार सोडला.

मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी ती बाईंना जिन्यात भेटली.

"कशी झाली गं?" बाईंनी विचारलं.

"झालीच नाही, बाई. नाव सांगितलं आणि चित्र गेलं. परत लावलं, परत गेलं. ते म्हणाले, कळवू. म्हणजे काय ते आपल्याला कळतंच."

"पण चकती?"

"लावली होती की." ती कसंबसं हसली. "माझंच नशीब. तुम्ही सांगितलं होतंत, म्हणून मी निर्धास्त होते."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती रागावली असती तर बाईंना सोपं गेलं असतं.

"मला बघू दे जरा," बाई म्हणाल्या आणि तिच्यामागून वर गेल्या. वायफायचा डबा घराच्या पार दुसऱ्या टोकाला, जुन्या फ्रिजच्या मागे होता. चकती मात्र नीट, अगदी मधोमध चिकटवलेली.

"लहरगुरूंनी विधी नाही केला?"

"त्यांना घाई होती. म्हणाले, चकती समर्थ आहे, विधी नाही केला तरी चालेल."

बाई तशाच खाली आल्या. आता त्यांना काय करायचं ते कळलं होतं आणि ते इतकं साधं होतं की त्यांचे कान तापले. सातवीच्या मुलांना त्या हेच शिकवत आल्या होत्या. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर परिणाम कशाचा ते सांगता येत नाही. एका वेळी एकच बदला. लहरगुरूंनी पाच गोष्टी एकदम बदलल्या होत्या आणि बाईंनी श्रेय पाचवीला देऊन टाकलं होतं.

त्यांनी चकती तशीच ठेवून डबा पुन्हा कपाटामागे सरकवला. इंटरनेटचा वेग मोजायचं पान उघडलं. आकडा धाडकन खाली. मग फक्त डबा वर ठेवला. आकडा चढला. वर ठेवलेल्या डब्याची चकती काढली, लावली, पुन्हा काढली. आकड्याला तिचा पत्ताच नव्हता. नवऱ्याला त्याच्या फोनवर सिनेमा लावायला सांगितला, तर संगणकाचा वेग लगेच घसरला.

"काय चाललंय तुझं?" नवऱ्याने विचारलं.

"गृहपाठ," बाई म्हणाल्या. "राहून गेला होता."

लोखंडाच्या आड लहरी अडतात, हे वाक्य त्यांनी किती वर्गांना उतरवून दिलं असेल. मग त्या दिवशी का आठवलं नाही? उत्तर त्यांना ठाऊक होतं. नातीची पावलं दिसत होती आणि ती कोणामुळे दिसली हे तपासायची त्यांची इच्छाच नव्हती. ही कबुली त्यांनी आधी स्वतःशी दिली. तीच जास्त जड गेली.

पुढच्या रविवारी समोरच्या इमारतीच्या सभागृहात लहरगुरूंचा कार्यक्रम होता. मंचावर कोणाचातरी जुना संगणक मांडला होता. डबा एका लोखंडी पेटीत ठेवलेला. आता बाईंना कळलं की ती पेटी सजावटीची नव्हती. नर्सही मागच्या रांगेत बसली होती. बाईंनीच तिला बोलावलं होतं.

"गुरुजी, एक विनंती," बाई उभ्या राहिल्या. "सगळा विधी करू. फक्त चकती सर्वांत शेवटी लावू आणि लावायच्या आधी वेग मोजू."

लहरगुरू मंद हसले. "ताई, चकतीशिवाय विधी म्हणजे प्राणाशिवाय देह."

"मग प्राण कशात आहे ते दिसेलच की," बाई म्हणाल्या आणि मंचावर चढल्या.

आधी आकडा सगळ्यांना दाखवला. मग त्यांनी फोन बंद करायला लावले, पानं मिटली, संगणक बंद करून सुरू केला, डबा पेटीतून काढून उंचावर ठेवला. पुन्हा मोजलं. आकडा कितीतरी पटींनी वर गेला होता. चकती लहरगुरूंच्या हातातच होती.

"आता लावा," बाई म्हणाल्या.

लहरगुरूंनी लावली, पुटपुटलेही. आकडा होता तिथेच राहिला.

"बाईंच्या मनात शंका आहे," लहरगुरू म्हणाले. "शंकेने लहरी मरतात."

"शंका तर आधीपासूनच होती," पहिल्या रांगेतला शिंपी म्हणाला. "मग वेग वाढला कसा?"

कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. लहरगुरूंना दुसरीकडे जायचं आठवलं आणि ते पिशवी घेऊन निघाले. दारात लोकांनी त्यांना घेरलं. बरीच बाचाबाची झाली, चकत्या परत झाल्या, मग कुठे त्यांची सुटका झाली.

सभागृह पुन्हा शांत झालं तेव्हा तोच शिंपी म्हणाला, "पण बाई, मी त्या माणसाच्या शब्दावर नव्हती घेतली. तुमच्या शब्दावर घेतली होती."

बाईंनी मान खाली घातली. मंचावरून त्यांना मागची रांग दिसत होती आणि तिकडे बघवत नव्हतं.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "तो लबाड होता, पण तुम्ही त्याला ओळखत नव्हता. मला ओळखत होता. माझ्यामुळे एका मुलीची नोकरीची संधी गेली. ती मला एका शब्दाने बोलली नाही. तिची मी सर्वांसमोर माफी मागते."

नर्स खाली बघत राहिली, बाईंसारखीच.

"आता उपाय सांगते, त्यात गुपित काही नाही. डबा मोकळ्या जागी, उंचावर ठेवा, लोखंडापासून लांब. संगणकावरची नको ती पानं मिटा, अधूनमधून तो बंद करून सुरू करा. घरातले सगळे एकदम काही बघत असतील तर वेग वाटला जाणारच. संगणक फारच जुना असेल तर त्याला लहरी नीट पकडताच येत नाहीत. तेव्हा सरळ तार जोडा. त्या माणसाला हे सगळं ठाऊक होतं. खरं काम तो तुमच्या डोळ्यांदेखत करायचा आणि नाव चकतीचं लावायचा."

बाईंचा आवाज जरा खाली गेला.

"पण हे मी सांगते म्हणूनही खरं मानू नका. घरी जा, एकेक करून बघा, मोजा. पुढे मी कधी छातीठोकपणे काही सांगितलं, तर तुमच्यातल्या कोणीही उभं राहून मला विचारा की बाई, तपासलंत का? त्या दिवशी माझ्या घरात एवढी माणसं होती. एकानेही विचारलं नाही, कारण मी बाई होते."